पाणक्याची चाल

टीझर सकाळी दहाला येणार होता. शोएबनं साडेनवालाच दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं, दोन फोन आणि लॅपटॉप समोर मांडले आणि चहा सांगितला. चहा आला, गार झाला, त्यावर साय धरली, तरी त्याचा हात ग्लासाकडं गेला नाही.

तासगावात एसटी स्टँडसमोर शोएब मुजावरचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. गावाला तो फुटलेल्या काचा बदलणारा शोएब म्हणून माहीत, पण गावाबाहेर त्याला ओळखणारी माणसं कितीतरी जास्त होती. तिथं तो ‘उपसा अड्डा’वाला होता. तीन वर्षांपूर्वी म्हसवडच्या वीरधवल नावाच्या पोरानं चार मित्र गोळा करून ‘उपसा’ नावाचा सिनेमा काढला. माणदेशातल्या एका कोरड्या गावात शास्त्रज्ञ येतात, जमिनीत दोन हजार फूट भोक पाडतात आणि पाण्याबरोबर खालनं भलतंच काहीतरी वर येतं. ते आधी मोटार चालू करून पाणी सोडायला गेलेल्या पाणक्याला धरतं, आणि मग त्याच्याच अंगानं गावात फिरायला लागतं. थिएटरात सिनेमा आठवडाभरही टिकला नाही. पण नंतर फोनवरनं तो असा पसरला की साताऱ्या-सांगलीच्या कॉलेजांत पोरं एकमेकांना भिववायला पाणक्यासारखी चालायला लागली.

ती चाल मल्हारची होती. मल्हार शोएबचा शाळेपासूनचा दोस्त, सव्वासहा फूट उंच, एकेकाळचा कबड्डीपटू, आता बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर. वीरधवलला उंच माणूस हवा होता आणि शोएबनं मल्हारला नेऊन उभं केलं. चाळीस दिवस मल्हार रबराचा पोशाख आणि डोक्यावर फायबरचं भलंमोठं मुंडकं घालून उन्हात फिरला. चाल त्यानं स्वतः शोधली होती. उसाला पाणी पाजणारी माणसं चिखलातनं जशी गुडघा उंच उचलून, क्षणभर थांबून, टाचेनं जमीन चाचपत पाय टाकतात तशी, फक्त तिप्पट हळू. पडद्यावर त्याचा चेहरा एकदाही दिसला नाही आणि शेवटी नाव आलं ते मुंगीएवढ्या अक्षरांत. तरी शोएब प्रत्येक व्हिडिओत सांगायचा, ‘हा आमचा मल्हार बरं का!’

आता दुसरा भाग येणार होता. या वेळी मागं मुंबईची मोठी कंपनी होती. मुंडकं नाही, रबर नाही. मल्हारला पुण्याला नेऊन अंगाला ठिपके लावलेला तंग पोशाख घातला, मोकळ्या हॉलमध्ये चालायला लावलं आणि त्या चालीवर कॉम्प्युटरनं पाणक्या चढवला. एकदा ऑगस्टमध्ये, एकदा नोव्हेंबरात. आणि या वेळी पोस्टरवर मल्हारचं नाव येणार होतं.

दहाच्या ठोक्याला टीझर आला. अठ्ठावीस सेकंद. कोरडा कालवा, लांब कुठंतरी पंपाची घरघर, मग सिमेंटवर ओली पावलं उमटायला लागतात, आणि मागनं पाणक्या येतो. शोएबच्या हातावर काटा आला. पाणक्या पूर्वीसारखाच गुडघा उचलत होता, पण डाव्या पायाचा चवडा खालीच राहत होता आणि सिमेंटवर घासत येत होता. खर्रर. थांबून परत खर्रर.

दुपारपर्यंत शोएबनं व्हिडिओ तयार केला. पडदा मधोमध कापलेला, डावीकडं पहिल्या भागातली चाल, उजवीकडं नवी, दोन्ही संथ केलेल्या. खाली त्याचा आवाज. ‘दोस्तांनो, डावा पाय बघा. पहिल्या भागाच्या शेवटी फौजदारानं पाणक्याच्या डाव्या मांडीत गोळी घातली होती. आठवतंय? म्हणजे जखम भरलेली नाही. म्हणजे त्याला जखम होऊ शकते. म्हणजे तो मरू शकतो!’

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ लाखावर लोकांनी पाहिला. कऱ्हाडच्या कुठल्याशा हॉस्टेलातली पोरं व्हरांड्यात चपला घासत चालतानाचे रील यायला लागले. कुणी लिहिलं, ‘ही चाल बघून आईनं फोन हिसकावून घेतला.’ शोएबच्या आयुष्यात असा दिवस आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मल्हार दुकानात आला. अंगावर कोल्ड स्टोरेजमधलं जाड जाकीट तसंच होतं.

“काय गड्या, चाल बदललीस ते बोलला न्हाईस,” शोएब म्हणाला.

“कुठली चाल?”

“डावा पाय घासतुयस की. पोरं येडी झाल्यात बघून.”

मल्हारनं टीझर अजून नीट पाहिलाच नव्हता. त्यानं फोन हातात घेतला, तीनदा बघितला. त्याच्या कपाळावर आठी पडली.

“मी न्हाई घासला. वीरधवल म्हनला, पयल्यासारखंच चाल. मी पयल्यासारखाच चाललो.”

“मग ह्ये काय?”

“कॉम्प्युटरवर केलं असंल त्यांनी.” मल्हारनं फोन परत दिला आणि हसला. “पर भारी दिसतंय रं. माजं मलाच भ्या वाटलं.”

तो निघाला तेव्हा डाव्या पायातली चप्पल दुकानातच राहिली. चार पावलं गेल्यावर त्याला ते कळलं. तो मागं आला, खाली बघून पाय नेमका चपलेत घातला आणि गेला. शोएबनं ते पाहिलं आणि पुढच्या क्षणी विसरला.

ती कमेंट तिसऱ्या दिवशी आली. हजारो कमेंटींच्या गर्दीत शोएबनं ती वाचली, कारण त्यात एकही चित्र नव्हतं की उद्गारचिन्ह नव्हतं.

‘मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. बावीस वर्षं माणसांची चाल बघणं हेच माझं काम. माझ्या भाच्यानं तुमचा व्हिडिओ दाखवला. ही चाल ज्या माणसाची आहे त्याला तुम्ही ओळखत असाल तर त्याला लवकरात लवकर मेंदू आणि मणक्याच्या डॉक्टरांकडं न्या. मला हा अभिनय वाटत नाही. मानेत मज्जारज्जू दाबला जात असेल तर माणूस असा चालतो. माझं चुकत असेल तर मला आनंदच आहे. डॉ. प्रियदर्शनी.’ खाली फोन नंबर होता.

त्याच्याखाली पोरांनी दंगा घातला होता. ‘ताई, दोन हजार फुटांवरनं चढून आलाय, पाय दुखणारच.’ ‘पाणक्याला बाम लावा.’ शोएबही हसला. मग त्याचं हसू अर्ध्यातच थांबलं. त्याला ती मागं राहिलेली चप्पल आठवली.

त्यानं वीरधवलला फोन लावला.

“एक विचारायचं हुतं. मल्हारची चाल कॉम्प्युटरवर बदलली का तुमी?”

“एक पाऊलसुदिक न्हाई,” वीरधवल खुशीत होता. “जशी दिली तशी घेतली. ऑगस्टात बघितलं तवा आमी सगळे गप झालो. नोव्हेंबरात तर अजून भारी. कंपनीचा सायेब म्हनला, ह्यो माणूस कुठं शिकला? का रं?”

“काय न्हाई. असंच.”

“आनी ऐक. रिलीजच्या दोन दिवस आधी सांगलीत खास शो हाय. फॅन पेजवाली सगळी येनार. सिनेमा संपला की मल्हारला स्टेजवर बोलवायचं. तूच बोलव. तुजाच मान हाय त्यो.”

फोन ठेवला तेव्हा शोएबचे कान गरम झाले होते. रिलीज पाच आठवड्यांवर होतं. आता मल्हारला सांगितलं तर तो दवाखान्याच्या मागं लागणार, कंपनीला कळणार, पोस्टरवरचं नाव राहील न राहील. आणि एक बाई फोनवर सिनेमातलं भूत बघून आजार सांगते, तिचं किती ऐकायचं? पाच आठवड्यांनी काय आभाळ कोसळतंय? शो झाला की आपणच त्याला मिरजेला घेऊन जाऊ. असं सगळं त्यानं स्वतःला नीट समजावलं. मग कमेंटवर बोट दाबून धरलं आणि ती काढून टाकली.

दोन दिवसांनी त्या बाईंचा थेट मेसेज आला. ‘माझी कमेंट दिसत नाही. हरकत नाही. पण त्या माणसापर्यंत निरोप पोचला का?’

शोएबनं लिहिलं, ‘हो मॅडम, कळवतो.’ कळवलं म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. कळवतो हे खोटं नव्हतं. एवढ्यावर त्याला त्या दिवशी झोप लागली.

पण एकदा दिसायला लागलं की दिसतच राहतं. मल्हारनं चहाचा ग्लास एका हातानं धरायचं सोडलं होतं, हे शोएबला आता दिसलं. तो दोन्ही तळव्यांत ग्लास धरायचा, थंडीत धरतात तसा, पण बाहेर ऊन असायचं. फोनचा पासवर्ड टाकताना त्याचं बोट शेजारच्या आकड्यावर पडायचं. चालताना तो भिंतीच्या बाजूनं चालायचा आणि बोलता बोलता सहज हात टेकवल्यासारखा टेकवायचा. एकदा बाजारात मागनं एसटीनं हॉर्न दिला तेव्हा शोएब उडी मारून बाजूला झाला. मल्हारला तसं करता आलं नाही. तो जागच्या जागी ताठ उभा राहिला आणि बस त्याला घासून गेली.

“सरकलास का न्हाईस?”

“सरकतच हुतो,” मल्हार म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

इकडं ‘उपसा अड्डा’वर रोज नवा खेळ. उलटी मोजणी, चालीची स्पर्धा, पाणक्या मरणार की नाही यावर भांडणं. शोएब रोज एक व्हिडिओ टाकायचा. मागं मल्हारची चाल फिरत असायची आणि बोलताना तो स्क्रीनकडं बघायचं टाळायचा. शिराळ्याच्या एका पोरानं लिहिलं, ‘दादा, तुमचा आवाज हल्ली घाबरल्यासारखा येतो, मस्त वातावरण तयार होतं.’

शोच्या आदल्या रविवारी मल्हारच्या घरी जेवण होतं. मल्हारची बायको प्रांजल शाळेत शिकवायची, कमी बोलणारी, नजर तेज. मल्हारनं शोसाठी घेतलेला नवा शर्ट घालून दाखवला. बाहेर येताना तो दारात थांबला आणि प्रांजलनं उठून, काही न बोलता, त्याची बटणं लावली. खालपासून वरपर्यंत, लेकराची लावतात तशी.

मल्हार हात धुवायला गेल्यावर ती शोएबला म्हणाली, “शोएबभाऊ, ह्यांची बोटं बधिर होत्यात. कोल्ड स्टोरेजच्या गारठ्यानं म्हणत्यात. पण सुट्टी असली तरी होत्यात. तुम्हाला काय बोलले का?”

आत नळ वाहत होता. शोएबच्या समोर ताट होतं. साताऱ्याच्या एक डॉक्टर आहेत, एवढंच म्हणायचं होतं.

“थंडीचंच असंल वहिनी,” तो म्हणाला. “शो झाला की दाखवून आणू मिरजेला. मी येतो बरोबर.”

“शो झाला की,” प्रांजल म्हणाली. तिनं त्याच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं.

सांगलीतला खास शो सकाळी अकराचा होता. साडेदहालाच थिएटरच्या अंगणात पोरापोरींचा बाजार भरला होता. काहींनी तोंडाला राख आणि अंगाला ओला चिखल फासला होता. आटपाडीहून एक टोळी ट्रॅक्टरची ट्रॉली करून आली होती. संध्याकाळी सहापर्यंत काही लिहायचं नाही अशी कंपनीची अट होती, पण जो तो मनातल्या मनात पहिली ओळ जुळवत होता. मल्हारला कुणी ओळखलं नाही. शोएबनं ओळख करून दिली मात्र, पोरांनी त्याच्याभोवती गराडा घातला, पायाला हात लावले, डाव्या पायाचे फोटो काढले. मल्हार लाजून उभा होता. त्याचा एक हात खांबावर होता.

अंधार झाला. शोएब मल्हार आणि प्रांजलच्या मध्ये बसला होता.

सिनेमा चांगला होता, हेच सगळ्यात भयंकर होतं. पहिल्या वीस मिनिटांतच हॉलमधला पोरकट दंगा थांबला. सुरुवातीला पाणक्या कालव्यातनं येतो. डावा चवडा घासतो, पण चाल सरळ आहे. शोएबनं मनाशी म्हटलं, ही ऑगस्टातली. मग मध्यंतरानंतर, पंपहाऊसच्या लांबलचक बोळात, पाणक्या शास्त्रज्ञ बाईच्या मागं लागतो. आता त्याचे दोन्ही गुडघे वाकत नाहीत. पाय कमरेतनं फेकल्यासारखे पडतात, अंग डोलतं, आणि तो भिंतीवरच्या पाइपला हात लावून, सोडून, परत लावून पुढं येतो. चार मिनिटं संगीत नाही. फक्त खर्रर आणि हाताचा थपका. ही नोव्हेंबरातली.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं तोंडावर ओढणी घेतली. कुणीतरी पुटपुटलं, “बाप रं, ह्यो तर वाढतच चाललाय.”

तीन महिन्यांत एवढं, शोएबच्या डोक्यात आलं. आणि आता फेब्रुवारी. सगळा हॉल पडद्यावरच्या पाणक्याला भीत होता आणि तो एकटा शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला. त्यानं डावीकडं पाहिलं. मल्हार पडद्याकडं टक लावून बघत होता. त्याचे ओठ जरासे उघडे होते. मग शोएबनं उजवीकडं पाहिलं. प्रांजल पडद्याकडं बघतच नव्हती. ती नवऱ्याच्या पायाकडं बघत होती.

सिनेमा संपला, दिवे लागले, पोरं खुर्च्यांवर उभी राहून ओरडायला लागली. वीरधवलनं पडद्याजवळच्या छोट्या स्टेजवरनं खूण केली. शोएब वर गेला, माइक घेतला. पाठ केलेली चार वाक्यं होती, त्यातलं एकच आलं. “आपला पाणक्या, मल्हार!”

शिट्ट्यांनी छप्पर हललं. मल्हार उठला आणि खुर्च्यांच्या पाठी धरत धरत मधल्या वाटेनं आला. स्टेजला चार पायऱ्या होत्या, कठडा नव्हता. पहिली चढला. दुसऱ्या पायरीच्या कडेला डावा चवडा अडकला. तो सावरेल असं सगळ्यांना वाटलं, कारण धडधाकट माणूस सावरतो. पण त्याचे हात पुढं आलेच नाहीत. एखादा खांब पडावा तसा तो सरळच्या सरळ पडला, हनुवटी वरच्या पायरीच्या कडेवर आपटली आणि मान मागं गेली.

मग टाळ्या. मागच्या रांगेतनं कुणीतरी ओरडलं, “पाणक्या! पाणक्या!” आणि सगळ्या हॉलनं ठेका धरला. शेकडो फोन वर झाले. मल्हार पायऱ्यांवर पालथा पडला होता आणि लोक टाळ्या वाजवत होते, कारण त्यांना तो खेळ वाटला होता.

शोएबच्या हातातला माइक पडला. तो खाली धावला, गुडघ्यावर बसला. प्रांजल त्याच्या आधीच तिथं पोचली होती.

“मल्हार. ऊठ गड्या. धर मला.”

मल्हारच्या हनुवटीतनं रक्त येत होतं. डोळे उघडे होते.

“शोएब,” तो अगदी हळू म्हणाला, “पाय सापडंनात रं.”

टाळ्या थांबायला आणखी बराच वेळ लागला.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात त्याच दिवशी दुपारी एमआरआय झाला. सर्जन साठीचे होते, बोलायला सरळ. त्यांनी फिल्म दिव्यावर लावली आणि पेनाचं टोक मानेच्या मधोमध ठेवलं. मज्जारज्जूची पांढरी रेघ तिथं चिमटल्यासारखी बारीक झाली होती.

“हे आजचं नाही,” ते म्हणाले. “निदान वर्षभर हळूहळू दाबत आलंय. डोक्यावर वजन उचलायचे का?”

“मुंडकं घालायचे सिनेमात,” प्रांजल म्हणाली. “फायबरचं. चाळीस दिवस.”

“त्यानंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. भर पडली असेल. आणि आज पडल्यानं उरलीसुरली जागाही गेली. उद्या ऑपरेशन करू. आणखी बिघडणं थांबेल. गेलेलं किती परत येईल ते सांगत नाही. महिनाभर आधी, स्वतःच्या पायानं चालत आले असते तर वेगळं बोललो असतो.”

“पण आमाला कळणार कसं डॉक्टर?” प्रांजलचा आवाज पहिल्यांदाच चढला. “दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. कुणी सांगणारं तरी पायजे होतं की!”

डॉक्टरांनी फिल्म खाली काढली. शोएब दाराला टेकून उभा होता. त्याच्या खिशातला फोन सारखा थरथरत होता. सहा वाजून गेले होते आणि जगाला बोलायची मुभा मिळाली होती. तो गप्प राहिला असता तर कदाचित कुणाला कधीच कळलं नसतं.

“सांगितलं हुतं वहिनी,” तो म्हणाला. “साताऱ्याच्या एका डॉक्टरबाईंनी. पाच आठवडे झालं. मला सांगितलं हुतं.”

प्रांजल वळली. तिनं रडारड केली नाही, हात उगारला नाही. “आणि तुम्ही माझ्या हातचं जेवलात,” एवढंच म्हणाली आणि बाहेर गेली.

ऑपरेशन सहा तास चाललं. तिसऱ्या दिवशी मल्हारला बोलायची परवानगी मिळाली. मानेभोवती कडक पट्टा होता, त्यामुळं तो छताकडं बघूनच बोलला.

“प्रांजलनं सांगितलं. लपवलंस कशाला?”

“तुजं नाव पोस्टरवर येनार हुतं. पयल्यांदा.”

“माजं,” मल्हार म्हणाला, आणि दम घेऊन, “का तुजं?”

शोएब पलंगाचा लोखंडी दांडा धरून उभा राहिला. मग नर्सनं त्याला बाहेर काढलं.

सिनेमा धो धो चालला. पहिल्या दिवसाच्या सगळ्या लिखाणात चालीचं कौतुक होतं. ‘असं चालणं आजवर पडद्यावर पाहिलं नाही.’ ‘पंपहाऊसचा सीन बघताना श्वास घ्यायला विसरलो.’ सगळ्यांत जास्त फिरला तो पायऱ्यांवरचा व्हिडिओ. खाली लिहिलेलं असायचं, ‘पाणक्याचा लाइव्ह परफॉर्मन्स, बघा आणि घाबरा.’ चौथ्या दिवशी शोएबनं दुकानात बसून एक व्हिडिओ केला. मागं चित्र नाही, संगीत नाही. ती चाल म्हणजे आजार होता, एका डॉक्टरांनी सावध केलं होतं, मी त्यांची कमेंट काढून टाकली, माझा दोस्त आज अंथरुणावर आहे, त्याच्या पडण्यावर टाळ्या वाजवलेला तो व्हिडिओ कृपा करून पसरवू नका. सगळं नावानिशी सांगितलं.

पहिल्या तासात बाराशे कमेंट आल्या. काहींनी शिव्या दिल्या, त्या त्यानं राहू दिल्या. काही पोरं खरंच हादरली. पण निम्म्याहून जास्त लोकांनी लिहिलं होतं, ‘कसली जबरदस्त पब्लिसिटी! म्हणजे तिसरा भाग येतोय तर.’ ‘पाणक्याचा शाप, खरी घटना!’ शोएब वाचत गेला. आपण इतकी वर्षं ज्यांना दोस्तांनो म्हणत आलो, ते खरं ऐकायला तयारच नव्हते. त्यांना फक्त पुढचा भाग हवा होता. आणि ही भूक त्यानं स्वतःच्या हातानं वाढवली होती. त्यानं त्याच दिवशी ‘उपसा अड्डा’ बंद केला. दुसऱ्या दिवशी त्याच नावाचे तीन नवे अड्डे उघडले.

मल्हार महिन्यानं घरी आला. हातांत बरंच बळ आलं, चमचा धरता येत होता. उजवा पाय ऐकायचा, डावा आपल्या मर्जीचा. दर मंगळवारी शोएब भावाची गाडी घेऊन त्याला मिरजेला व्यायामाला न्यायचा. प्रांजल मागं बसायची. जाता-येता दोन तास होत, त्यात ती मल्हारशी बोलायची, ड्रायव्हरच्या सीटशी कधीच नाही. डॉ. प्रियदर्शनी एकदा साताऱ्याहून मुद्दाम येऊन गेल्या. त्यांनी शोएबला दोष दिला नाही. अंगणात मल्हारला वॉकर धरून चालताना पाहिलं आणि जाताना शोएबला बाजूला घेऊन म्हणाल्या, “आता जपायचं ते एकच. पुन्हा पडता कामा नये. एकदाही नाही.”

मे महिन्यात, भर दुपारी, वीरधवलचा फोन आला. तो आधी उगाच इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, “तिसरा भाग ठरला. कंपनी इचारतीय, मल्हार परत चाल देईल का? आत्ता जशी हाय तशी. मी नगं म्हनालो हुतो रं. पर त्यांचं म्हननं, लोकांना तीच पायजे. आणखी फुडची.”

शोएबनं फोन ठेवला. या वेळी त्यानं विचार केला नाही. शटर ओढलं, उन्हातनं तडक मल्हारच्या घरी गेला. मल्हार सोप्यात खुर्चीवर बसला होता, वॉकर बाजूला, प्रांजल वह्या तपासत होती. शोएबनं दारातच उभं राहून, दोघांच्या देखत, जसं ऐकलं तसं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

त्याला वाटलं होतं मल्हार शिवी हासडेल. किंवा हसेल तरी.

मल्हारनं आपल्या डाव्या पायाकडं बघितलं. मग त्यानं वर पाहिलं.

“पोस्टरवर एकट्याचं नाव टाकत्यात का इचार,” तो म्हणाला.

प्रांजलच्या हातातलं लाल पेन वहीवर तसंच थांबलं. मग तिनं वही मिटली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा शोएबकडं बघून बोलली.

“सांगितलंत ते बरं केलंत,” ती म्हणाली. “आता जावा तुम्ही. आमाला दोघांना बोलायचंय.”